एकेकच घ्या

धुरीबाई डोळ्यांसमोर आल्या की आधी त्यांची पाठ दिसते. पाठीवर एकमेकांत अडकवलेले दोन्ही हात, डाव्या हाताच्या बोटांत धरलेल्या चपला, आणि खाली जांभ्या कातळावर जपून पडणारी अनवाणी पावलं. आमच्या कॉलेजातली पोरं त्यांना 'इन्स्पेक्टरबाई' म्हणत. तपासणीला आलेले साहेब जसे हात मागे बांधून वर्गावर्गांतून फिरतात, तशाच बाई सड्यावर फिरत. सुरुवातीला मलाही ती त्यांची ऐट वाटायची. मी रसायनशास्त्राचा माणूस. आमच्याकडे हात लावायचा नसेल तर बाटलीवर लाल चिठ्ठी असते, माणसाने स्वतःचे हात बांधून घ्यायची गरज पडत नाही.

बाई गेल्या त्याला येत्या चैत्रात वर्ष होईल. त्यांच्या पुतण्याने मला बोलावून एक पत्र्याची पेटी दिली. पेटीवर बाईंच्या अक्षरात माझं नाव होतं. आत काय असणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ती चार महिने उघडलीच नाही.

बाई वनस्पतिशास्त्र शिकवत. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "वेळ झाला नाही." बुटक्या, सावळ्या, आवाज खणखणीत. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की शिपायाशी मालवणीत भांडत. भांडण बहुतेक वेळा कुंडीवरून असे. आमच्या प्राचार्यांनी कुठल्याशा थंड हवेच्या गावाहून जिरेनियम आणलं होतं आणि ते त्यांच्या केबिनबाहेर आमच्या दमट हवेत हळूहळू कुजत होतं. शिपाई पाणी घालून घालून त्याला आणखी लवकर पोचवत होता. बाई म्हणत, "सर, ही बाहेरची सून इथे नांदायची नाही. हिचा चुलत भाऊ सड्यावर लोळतोय, तो बघायला चला."

चुलत भाऊ म्हणजे आपला तेरडा. पूर्वीच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेरड्याला जिरेनियमच्याच कुळात बसवलं होतं, मागाहून त्याला वेगळं कुळ काढून दिलं, हे मला बाईंकडूनच कळलं. "घर वेगळं झालं, पण खोड जात नाही," त्या सांगत. खोड म्हणजे बी फेकण्याची. रानातल्या जिरेनियमचं फळ बगळ्याच्या चोचीसारखं लांब असतं. ते सुकलं की चोच तळापासून उलते आणि बी गोफणीतून सुटावं तसं भिरकावलं जातं. तेरड्याचं बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शाने फुटतं, त्याच्या सालीच्या पाच फाका गर्रकन आत वळतात आणि बिया हातभर लांब उडतात. हे शिकवताना बाई फळ्यावर चित्र काढत आणि मग खडू बोटांत दाबून असा सोडत की तो मागच्या बाकापर्यंत जाई. मागच्या बाकावरचा कधी झोपलेला नसे.

फुलाबद्दलही त्या असंच सांगत. तेरड्याच्या फुलात पुंकेसरांची एक टोपी असते, ती आतल्या स्त्रीकेसरावर घट्ट बसलेली असते. परागकण संपले की टोपी आपोआप गळते आणि मग खालचा स्त्रीकेसर उघडा पडतो. म्हणजे एकच फूल आधी नर आणि मग मादी. वर्गात खसखस पिकली की बाई शांतपणे म्हणत, "हसून झालं असेल तर मधमाशी काय करते ते लिहून घ्या. ती हसत नाही, कामाला लागते."

आता त्या सड्याबद्दल सांगायला हवं. मालवणहून देवगडकडे जाताना वाटेत असे कितीतरी सडे लागतात. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही आणि पावसाळ्यात वीतभर मातीतून असं काय काय उगवतं की बाईंसारखी माणसं घरचं जेवण विसरतात. त्यातला हा सडा नेमका कुठला, गाव कोणतं, ते मी लिहिणार नाही. बाईंनी लिहू दिलं नसतं.

त्या सड्यावर एका उथळ खळग्यात बाईंना पांढऱ्या तेरड्याची झाडं सापडली. नेहमीचा गुलाबी तेरडा गुडघ्याएवढा वाढतो, हा जेमतेम बोटभर. फूल पांढरं, घशात फिकट जांभळी रेघ, आणि मागची मधाची शेपटी केसासारखी बारीक. बाईंनी आजूबाजूचे सगळे सडे पालथे घातले होते, आणि त्यांना हा दुसरीकडे कुठेच दिसला नव्हता. त्यांनी एक झाड दाबून, सुकवून एका मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडे पाठवलं. उत्तर आलं की हा प्रकार वेगळा वाटतो, पुढल्या वर्षी फूल आणि पिकलं फळ दोन्ही मिळाली तर पक्कं सांगता येईल. ते पत्र घेऊन बाई आमच्या स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या पदरचा चहा पाजला. बाई आणि पदरचा चहा, ही घटनाच तशी दुर्मीळ.

पुढल्या श्रावणात त्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग घेऊन सड्यावर गेल्या. एकट्याने बघण्यात त्यांचं समाधान होईना. पोरांनी बघावं, पोरांच्या वहीत ते झाड असावं, पुढे कधी कुणी विचारलं तर 'आम्ही ते पाहिलंय' असं म्हणणारी चाळीस माणसं या जिल्ह्यात असावीत, असं त्यांना वाटलं. परीक्षेसाठी प्रत्येकाला सुकवलेल्या झाडांचे कागद द्यावे लागत, आणि नियमाप्रमाणे झाड मुळासकट हवं. बाईंनी खळग्याच्या काठावर उभं राहून बजावलं, "एकेकच घ्या. अधाशीपणा नको."

पोरं गुणी होती. प्रत्येकाने एकच घेतलं. चाळीस पोरं होती आणि झाडं साधारण तितकीच होती.

हे त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. तेरडा एका पावसाळ्याचं झाड. उगवतं, फुलतं, बी टाकतं आणि मरतं. त्या वर्षीचं बी पडलं नाही तर पुढल्या वर्षी उगवायला मागे काहीच उरत नाही. आणि श्रावणात फुलं नुकतीच लागलेली होती, बोंडं धरायचीच होती. हे बाई दर वर्षी वर्गात शिकवत. पोरांनी परीक्षेत लिहिलंसुद्धा असेल.

त्या वर्षीचे कागद सुंदर झाले. पानं सपाट, मुळं बोटांनी विंचरल्यासारखी पसरलेली, खाली वळणदार अक्षरात नाव, तारीख, ठिकाण. बाईंनी प्रत्येकावर लाल शाईने 'छान' असा शेरा दिला. पेटीत आहेत ते हे चाळीस कागद.

पुढल्या श्रावणात बाई एकट्याच गेल्या. खळग्यात शेवाळ होतं, गवत होतं, पाणी होतं. तेरडा नव्हता. भाद्रपदात पुन्हा गेल्या, तेव्हा गावातल्या बायका गौरीसाठी तेरडा न्यायला सड्यावर आल्या होत्या. आमच्याकडे गौर तेरड्याची असते. गुलाबी तेरड्याची रोपं मुळासकट आणायची, मुळं म्हणजे तिची पावलं. त्या बायकांत सुलुवैनी होत्या. सड्याखालच्या वाडीत त्यांचं घर, भातशेती, चार काजूची झाडं. चाळिशीच्या, उंच, बोलणं सरळ. बाईंनी त्यांना विचारलं, इथे पांढरा, छोटा तेरडा होता, तो कुठे दिसला का?

सुलुवैनींनी हातातली जुडी खाली ठेवली. "तुमच्याच पोरांनी उपटल्यांनी मां गेल्या वर्सा? आमी गवरीक लागतत तितकीच घेतंव. बाकीच्यांका सांगतंव, तुमी रवा, फुडल्या वर्सा येवा. तुमी बी पडूक दिलासच नाय."

बाईंना वाटलं असेल की वैनी अजून बोलतील, दोन शिव्या देतील. पण वैनींनी जुडी उचलली आणि त्या चालू लागल्या.

हे मला बाईंनी स्वतः सांगितलं, तेही दोन वर्षांनी, माझ्या स्कूटरवर मागे बसून. त्यांची बस चुकली होती आणि मी नको म्हणायच्या आत त्या बसल्या होत्या. सड्यावर पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, हात मागे बांधले आणि सांगितलं, "या हातांवर माझा भरवसा नाही, सर." तेव्हा मला इन्स्पेक्टरबाईंची ऐट कळली. पोरांनी ठेवलेल्या त्या नावाला मीही दोन वर्षं हसलो होतो, याची मला लाज वाटली.

त्यानंतर श्रावणात एकदा आणि भाद्रपदात एकदा, माझी स्कूटर ठरलेली. मी चिडचिड करायचो. माझी वहाण शेवाळावर घसरायची, चष्म्यावर पाणी यायचं, आणि बाई मात्र एकेक चौरस वार जमीन डोळ्यांनी विंचरत पुढे सरकायच्या. एकदा मी ओरडलोच. "बाई, बोटभर झाड. नसलं तर जगाचं काय अडलंय?"

"जगाचं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "माझं अडलंय."

कॉलेजात त्यांनी झाडं उपटणं बंद करून टाकलं. पोरांनी सड्यावर बसून चित्रं काढायची, पाकळ्या मोजायच्या, वास लिहायचा, आणि झाड होतं तिथेच सोडून यायचं. परीक्षेला बाहेरून आलेले एक परीक्षक भडकले. "सुकवलेल्या झाडांचे कागद कुठे आहेत?" त्यांनी टेबलावर बोटं आपटत विचारलं. बाई म्हणाल्या, "झाडं सड्यावर आहेत. उभी आहेत. पाऊण तासाचा रस्ता आहे, येता?" परीक्षक आले नाहीत. पोरांचे गुण कापले गेले, पालक प्राचार्यांकडे आले, प्राचार्यांनी बाईंना खुलासा मागितला. बाईंनी खुलासा एका ओळीत लिहिला: 'मी एकदा नियमाप्रमाणे केले आहे.' प्राचार्यांना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं आणि मी गप्प बसलो. बसायला नको होतं. मी एकट्याने तरी त्यांच्या बाजूने उभं राहायला हवं होतं, ते आज लिहिताना जास्त लागतं.

बाई निवृत्त झाल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. तो उशिरा लक्षात आला. कडेचं दिसेनासं होत गेलं, मग मधलंही धूसर झालं. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं," त्या म्हणत. तरी श्रावण आला की फोन. "सर, स्कूटर चालू आहे ना?" स्कूटर केव्हाच विकली होती, आता गाडी होती, पण त्यांच्या तोंडी स्कूटरच. शोधाच्या नवव्या वर्षी सड्याचा अर्धा भाग कुणी विकत घेतला. तिथे कुंपण पडलं आणि हापूसच्या कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे केले. पांढऱ्या तेरड्याचा तो खळगा कुंपणाच्या आत गेला आणि मातीने भरला. मला वाटलं, सुटलो. बाई म्हणाल्या, "कुंपणाबाहेरचं अजून बघायचं राहिलंय."

सुलुवैनी दर वर्षी दिसत. गौरीचा तेरडा न्यायला आलेल्या, नाहीतर गुरं घेऊन. बाई दर वर्षी थांबून विचारत, "वैनी, दिसलो खंय?" आणि वैनी दर वर्षी मान हलवून 'नाय' म्हणत. त्यापुढे बोलणं होत नसे. मला वैनींचा राग यायचा. एवढी वर्षं झाली, दोन गोड शब्द बोलायला काय जातं, असं वाटे.

दीड वर्षापूर्वीचा भाद्रपद. गौरीची पाठवणी होऊन आठवडा झाला होता. बाईंना आता उतारावर हात धरावा लागे, पण त्या धरू देत नसत. हात मागेच. त्या कुंपणाच्या कडेने पाऊल चाचपत चालल्या होत्या आणि वाकून जे बघत होत्या ते त्यांना दिसत नव्हतं, हे मला लांबूनही कळत होतं. मी सांगायचं ठरवूनच आलो होतो की बाई, हे शेवटचं. तेवढ्यात सुलुवैनी खालून वर आल्या. डोक्यावर गवताचा भारा. भारा उतरवून त्या बराच वेळ बाईंकडे बघत राहिल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "इतकी वर्सा तुमका बघतंय. पावसात येतास, हात पाठी बांधून फिरतास. एक पान पण तोडूक नाय." मग हाताने खालची वाट दाखवत, "चला माझ्यावांगडा. लांब नाय, खाली व्हाळार."

बाई लगेच त्यांच्या मागे निघाल्या. मीच विचारलं, तिथे काय आहे. वैनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

व्हाळ म्हणजे सड्याचं पाणी घेऊन उतरणारा ओढा. वाडीतल्या गौरी तिथेच पोचवतात. पूजा झालेली तेरड्याची जुडी पाण्याकाठच्या कातळावर ठेवायची, नमस्कार करायचा आणि मागे न बघता परत यायचं. वाटेत सुलुवैनींनी सांगितलं. त्यांच्या घरची जुनी रीत होती की गुलाबी तेरड्याच्या जुडीत एक पांढरा, धाकटा लावायचा. गौरीच्या कडेवरचं मूल म्हणून. सासूबाई लावत, त्यांच्या सासूबाई लावत. जुडी कातळावर सुकायची आणि त्या एका रोपाची बोंडं तिथेच फुटायची. पिढ्यान् पिढ्यांचं ते बी कातळाच्या भेगांत रुजत आलं होतं.

मी बघितलं. ओल्या दगडाच्या फटींतून, पाण्याच्या तुषारांत, बोटभर उंचीची पांढरी फुलं. साठ असतील, सत्तर असतील. आम्ही इतकी वर्षं वरचा कातळ घासत होतो आणि तेरडा हाकेच्या अंतरावर खाली होता.

"तुमका ठावक होता?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तवापासून?"

"होता," वैनी म्हणाल्या. "माका तुमचो विश्वास नव्हतो, बाई. सांगलंय असतंय तर परत पोरा घेऊन इला असतास. आता हयसूनच एक गवरीक न्हेतंय. एकच." आणि मग त्यांचा स्वर उतरला. "लय वर्सा लावलंय मी. तुमचे डोळे होते तवा सांगूक होया होता."

बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. "तू बरा केलंस, सुलू. बरा केलंस." इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली. त्या कातळाजवळ गुडघ्यांवर बसल्या. चेहरा फुलांपासून वीतभर अंतरावर नेला, इकडे केला, तिकडे केला. हात अजून पाठीवरच होते आणि बोटं एकमेकांत इतकी घट्ट रुतली होती की नखं पांढरी पडली होती.

"माका दिसत नाय गो," त्या म्हणाल्या. "पांढरा काय तरी दिसता. फूल काय पाणी, समजत नाय."

मी आयुष्यात फार कमी वेळा रडलो आहे. तिथे मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो.

सुलुवैनी त्यांच्या बाजूला बसल्या. "हात लावा, बाई."

"नको."

"लावा मां. बोंडां पिकली आसत. आता लावलास तर बी पडतला."

मग बाईंचे हात सुटले. उजवा हात पुढे आला, हवेत थांबला. सुलुवैनींनी मनगट धरून तो खाली नेला आणि त्यांचं बोट एका बोंडावर टेकवलं.

बोंड फुटलं. आवाज व्हाळात बुडाला, पण बाईंचं बोट दचकून मागे आलं ते मी बघितलं. एक बी त्यांच्या गालावर उडालं, बाकीची कातळावर पडली. त्या हसल्या. वर्गात खडू सोडल्यावर हसत, तशाच. मग त्यांनी स्वतःहून दुसरं बोंड शोधलं, बोटाने, अगदी अलगद. तिसरं शोधलं. मागाहून एकदा मी विचारलं की त्या तज्ज्ञांना कळवायचं का, तर म्हणाल्या, "सुलूला विचारा. ती सांगेल तसं." सुलुवैनी 'नको' म्हणाल्या आणि विषय तिथेच संपला.

बाई त्या सड्यावर परत आल्या नाहीत. सहा महिन्यांत त्या गेल्याच. पेटी मी अखेर परवा उघडली. सगळ्यांत वरच्या कागदावर, लाल शाईतल्या 'छान' वर, पेनाची एक आडवी रेघ होती, वाकडीतिकडी, नीट दिसत नसलेल्या माणसाने ओढलेली. खालच्या एकोणचाळीस कागदांवरही तशीच. प्रत्येक 'छान' त्यांनी कागद डोळ्यांशी धरून शोधला असणार.

पण मला शेवटच्या आठवतात त्या व्हाळातून वर येताना. मी मागे राहिलो होतो. त्या दोघी पुढे चालल्या होत्या, गवताचा भारा सुलुवैनींच्या डोक्यावर. चार पावलं गेल्यावर बाईंनी सवयीने दोन्ही हात पुन्हा पाठीमागे बांधले. सुलुवैनींनी वळून बघितलं, त्यातला एक हात सोडवला आणि आपल्या हातात घट्ट धरला, कारण वाट निसरडी होती.